ब्रेकबाईंचं पोहणं

समोर त्यांना सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'ब्रेकबाई'. गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाला टोपणनाव मिळायचंच, आणि आपल्या वाट्याला त्यातल्या त्यात सौम्य आलं, असं बाईंचं स्वतःचं मत होतं. त्यांच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जे गृहस्थ शिकवायचे, त्यांना शिकणारे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक खोली. खोलीत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि खाली जिन्यापाशी उभी असलेली पांढरी छोटी गाडी. या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक होता आणि बाजूच्या सीटपाशी दुसरा. तो दुसरा ब्रेक बाईंचा. शिकणाऱ्याच्या ब्रेकवरचं रबर अजून नव्यासारखं होतं, बाईंच्या ब्रेकवरचं मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं. गॅरेजवाला ते बदलताना दर वेळी गालातल्या गालात हसायचा. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. त्यांच्या गाडीला आजवर एक ओरखडाही पडला नव्हता, आणि हे त्या नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत.

पुढे एखादी गाडी थांबली, कुणी रस्ता ओलांडायला लागलं, की बाईंचा पाय खाली जायचा आणि गाडी गचका खाऊन उभी राहायची.

"बाई, मी दाबणारच होतो," शिकणारा म्हणायचा.

"सगळे दाबणारच असतात," बाई म्हणायच्या. "रस्त्यावर लक्ष ठेवा."

अशी बरीच वर्षं गेली. बाईंनी शहरातल्या निम्म्या माणसांना गाडी शिकवली, म्हणजे निम्म्या शहराला त्यांनी फिरवलं, पण बाजूच्या सीटवर बसून. गाडी कुठे वळणार, किती वेगाने जाणार, हे दुसऱ्याच्या हातात. आपण फक्त थांबवायचं. घरी येऊन स्वतःची गाडी चालवायचंही त्यांच्या जिवावर यायचं. रस्ता बघून बघून डोळे आंबून जात.

त्यांना सायकलचा नाद लावला तो नणंदेने. नणंद पळायची, पोहायची, सायकल चालवायची आणि हे सगळं एकापाठोपाठ एक करायच्या शर्यतींत भाग घ्यायची. आधी तळ्यात पोहायचं, बाहेर आलं की तशाच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, आणि सायकल ठेवली की पळत सुटायचं. "वहिनी, एकदा करून तर बघ," असं म्हणून तिने बाईंना ओढलं आणि स्वतः गुडघा धरून बाजूला झाली. बाई मात्र अडकल्या. पळणं त्यांना बरं जमायचं. सायकल फार चांगली जमायची. हँडल आपल्या हातात, वळण आपलं, उतारावर सोडून द्यायचं की नाही ते आपण ठरवायचं. शहराबाहेरच्या लांब सरळ रस्त्यावर सायकल दामटताना बाईंना जो आनंद व्हायचा, तो त्यांना दुसऱ्या कशातच होत नसे. वयाची पन्नाशी जवळ आल्यावर आपल्याला काय आवडतं ते कळावं, याचं त्यांना हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

अडचण एवढीच होती की शर्यतीत सायकलपर्यंत पोहोचायला मध्ये पाणी होतं.

मागच्या वर्षी बाई तळ्यात उतरल्या होत्या. पिवळे मोठे फुगे पाण्यावर बांधलेले असतात, त्यांना वळसा घालून परत यायचं असतं. बाईंनी मान खाली घातली, हातपाय मारले, आणि मान वर काढली तेव्हा फुगा डावीकडे लांब गेलेला होता. पुन्हा त्याच्याकडे तोंड केलं, पुन्हा हातपाय मारले, पुन्हा तेच. शेवटी त्या उजव्या काठाच्या लव्हाळ्यात शिरायच्या बेतात असताना होडीवाला पोरगा जवळ आला. "काकू, वेळ संपली. चढा वर," तो म्हणाला. त्याने हात दिला आणि बाई चढल्या.

होडीत बसल्याचं त्यांना एवढं लागलं नाही. काठावर आल्यावर त्या सायकली लावलेल्या आवारात गेल्या, तेव्हा सगळे दांडे रिकामे होते. सगळ्यांच्या सायकली गेल्या होत्या. एका टोकाला त्यांची एकटीची सायकल उभी होती, हँडलवर हेल्मेट, खाली बूट, बुटांत गुंडाळून ठेवलेले मोजे. ते मोजे बघून बाईंना रडू कोसळलं. कुंपणापलीकडे त्यांचे यजमान उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं, आत येऊन सायकल सोडवली आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

यजमानांचं कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. विजारी आखूड करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं. अबोल माणूस, पण काळजी करायची तर हाताने करायची, अशी रीत. घरात कुणाला शिंक आली की यांनी आधीच खिडकी लावलेली असे. बटण तुटायच्या आधीच ते घट्ट करून ठेवलेलं असे. बायकोचा पोहण्याचा पोशाख खांद्यावर काचतो हे तिने सांगायच्या आधी त्यांनी त्याच्या पट्ट्या उसवून नव्या शिवल्या होत्या. आपण काही बोललोच नाही तरी यांना कळतं कसं, याचं बाईंना लग्नापासून नवल वाटत आलं होतं.

तर यंदा काहीही करून पाण्यातून आपल्या पायांनी बाहेर यायचं आणि सायकलवर बसायचं, एवढं बाईंनी मनाशी धरलं. शर्यत पुरी झाली नाही तरी चालेल, पण सायकलपाशी पोहोचायचंच. मग त्यांनी तरण तलावावरच्या कोचची शिकवणी लावली.

कोच म्हणजे गळ्यात टॉवेल अडकवून काठावरून येरझारा घालणारे एक वाळकुडे गृहस्थ. त्यांना पाण्यात उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि ते या विषयावर बोलतही नसत. पण नजर तीक्ष्ण. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंच्या हातात फळी दिली.

"फळी धरा आणि नुसते पाय मारा. हात विसरून जा."

बाईंनी पाय मारले. पाणी भरपूर उडालं. आवाजही चांगला आला. पण बाई हळूहळू उजवीकडे वळल्या आणि दोरीला जाऊन टेकल्या. शेजारच्या रांगेतून दोन आजी सुनांच्या गोष्टी करत करत त्यांना मागे टाकून गेल्या.

"परत," कोच म्हणाले.

परत तेच. दोरी मात्र या वेळी लवकर आली.

"बाई, पाय सैल सोडा."

"सैलच आहेत."

"डावा सैल आहे. उजवा कुणावर उगारलाय?"

"उगारलेला नाही हो."

कोच उकिडवे बसले आणि पाण्यात बघत राहिले. पोहताना पाऊल मागे ताणलेलं असावं लागतं, माशाच्या शेपटासारखं लवलवीत. बाईंचा डावा पाय बऱ्यापैकी लवायचा. उजव्याची बोटं मात्र वर आणि टाच खाली, घोट्यात काटकोन. तेवढं एक पाऊल पाणी अडवून धरायचं आणि सगळी बाई त्या बाजूला ओढली जायची. कोचना वाटलं, जुनी दुखापत असेल.

"कधी मोडला होता का?"

"नाही."

"मुरगळला होता?"

"अजिबात नाही."

कोच विचारात पडले. त्यांनी बाईंना पायाचे व्यायाम दिले, भिंतीला धरून पाय मारायला लावले, श्वास पाण्यात सोडायला शिकवलं. बाई श्वास कोंडून धरायच्या, तो प्रकार सुटला. हातांना वळण आलं. दंड भरले, इतके की यजमानांना ब्लाऊजच्या बाह्या सैल कराव्या लागल्या. पण उजवा पाय काही ऐकेना. बाई सरळ निघायच्या आणि दोरीला टेकायच्या. गाडी एका बाजूला ओढत असली तर त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक धरतोय, हे त्या स्वतः रोज शिकवायच्या. ते आपल्याला लागू पडेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

ते उघडकीला आलं कोचच्या स्कूटरमुळे. एका संध्याकाळी ती सुरूच होईना. बाईंची त्या दिवशीची गाडीची शेवटची शिकवणी त्याच बाजूला जायची होती, म्हणून त्या म्हणाल्या, "सर, मागे बसा, सोडते तुम्हाला." गाडी चालवायला दातांचे डॉक्टर होते. हे डॉक्टर बाईंकडे कितीतरी महिने शिकत होते. दोनदा परीक्षेत नापास झाले होते. दुसऱ्याच्या तोंडात सुई घालताना हात न थरथरणारा माणूस, पण गाडीत बसला की कपाळावर घाम.

कोच मागच्या सीटवर मधोमध बसले, दोन्ही सीटच्या फटीतून डोकं पुढे काढून. गाडी निघाली. सरळ रस्ता. बराच पुढे कचऱ्याची गाडी उभी राहिली, आणि डॉक्टरांची गाडी गचकन थांबली.

"बाई, मी दाबणारच होतो," डॉक्टर म्हणाले.

"हो, हो. चला पुढे."

गाडी चौकात आली. दिवा लाल. गाडी उभी. आणि मागून कोच एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"काय झालं सर?"

"बाई, तुमचा पाय बघा."

बाईंनी खाली पाहिलं. गाडी थांबलेली होती. करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी त्यांचा उजवा पाय टाच रोवून, बोटं वर करून, ब्रेकच्या वर टपून बसला होता. पोटरी दगडासारखी घट्ट.

"पाण्यात अस्साच असतो," कोच म्हणाले. "मी आपला हाडं शोधत बसलो. तुम्ही तळ्यात ब्रेक दाबताय!"

डॉक्टरांनाही हसू आलं. मग त्यांनी मागे मान वळवून हळूच विचारलं, "सर, तुम्ही बघत होता ना? मघाशी मी दाबत नव्हतो का?"

"मी पोहायला शिकवतो. गाडीतलं मला काही कळत नाही," कोच म्हणाले. मग म्हणाले, "पण तुमचा पाय ब्रेकवर आला होता. बाईंचा आधी पोहोचला, एवढंच."

दिवा हिरवा झाला.  कोचना सोडलं, डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यापाशी उतरवलं, आणि बाई गाडीत तशाच बसून राहिल्या. किती जणांना आपण 'तुमचं लक्ष नाही' म्हणालो? किती जण मधेच सोडून गेले? एक ग्रंथपाल मुलगी जाताना रडली होती, 'मला जन्मात जमायचं नाही' म्हणून. बाईंनी तेव्हा तिची समजूत घातली होती की प्रत्येकाला सगळं जमतंच असं नाही. आता ते आठवून त्यांना लाज वाटली. चांगलीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पायाची शाळा सुरू झाली. घोटा लवचीक करायला बाई गुडघे मोडून पावलांवर बसायच्या. घरी यजमान मशीनवर, आणि त्या खाली चिंध्यांच्या ढिगाशेजारी कण्हत. टीव्हीवर गाड्या दिसल्या की त्यांचा पाय आपोआप वर यायचा. यजमान मशीन न थांबवता पावलाने त्यांच्या पावलावर टकटक करायचे.

"दाबतेयस."

"नाही."

"ट्रक आला की दाबतेस. बैलगाडीला नाही दाबलंस."

गाडीत तर खरी परीक्षा. बाईंनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल सीटखाली मागे सारून ठेवलं. ब्रेक तिथेच होता, पोहोचायला पळभर जास्त लागलं असतं, एवढाच फरक. पण तेवढ्याने त्यांचा जीव टांगणीला लागायचा. पहिल्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा जबडा दुखत होता. पाय सोडला म्हणून दात आवळले होते.

मग एक दिवस डॉक्टर गाडी चालवत असताना बाबागाडी ढकलत एक बाई पांढऱ्या पट्ट्यांवर आली. बाईंनी तिला लांबूनच पाहिलं. पाऊल सीटखालून निघालं. बाईंनी ते अर्ध्या वाटेत धरलं. धरलं म्हणजे अक्षरशः हाताने गुडघा दाबून धरला. डॉक्टर काही करेनात. अजून काही करेनात.  मग गाडी मंद झाली, आणखी मंद झाली, आणि चाकं पट्ट्यांना जेमतेम लागायच्या आत उभी राहिली. बाबागाडीवाली त्यांच्याकडे न बघताच निघून गेली.

"आज तुम्ही काही बोलला नाहीत," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"बोलण्यासारखं काही नव्हतं."

"जरा उशिरा थांबलो का?"

"थांबलात ना," बाई म्हणाल्या. "मग झालं."

डॉक्टर पुढच्या परीक्षेत पास झाले आणि त्यांनी बाईंना दात साफ करून घ्यायला बोलावलं. आनंद दाखवायची प्रत्येकाची तऱ्हा. बाई गेल्या मात्र नाहीत.

पाण्यातही फरक पडला, पण जादू वगैरे झाली नाही. पाय कधी ऐकायचा, कधी नाही. सकाळी ताजातवाना असताना लवायचा, थकल्यावर किंवा कुणी मध्ये आलं की पुन्हा बोटं वर. शेवटच्या आठवड्यात कोचनी हात टेकले.

"उजवीकडे थोडी ओढ राहणारच. तो पाय एवढी वर्षं नोकरी करतोय, त्याला एकदम काढून टाकता येत नाही. तुम्ही असं करा, फुग्याकडे बघूच नका. फुग्याच्या डावीकडे लांबचं काहीतरी धरा आणि तिकडे पोहा. बरोब्बर फुग्यावर याल."

"हे लबाडी केल्यासारखं नाही का?"

"लबाडी कसली? उतारावर गाडी लावताना तुम्ही चाक वळवून ठेवता की नाही?"

ते बाईंना पटलं.

आदल्या संध्याकाळी यजमान सायकलची साखळी पुसत बसले होते. तशी ती स्वच्छच होती.

"नाही झालं तर?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही झालं तर नाही झालं," बाई म्हणाल्या. त्यांना खरं तर म्हणायचं होतं की मला फार वाटतंय, यंदा व्हावं. पण एवढं उघडं बोलायची दोघांनाही सवय नव्हती. यजमानांनी मान हलवली आणि साखळी पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली.

सकाळी तळ्यावर थंडी होती. बाईंच्या वयाच्या सगळ्या बायकांना नारिंगी टोप्या दिल्या होत्या. टोपी घातली की सगळ्या सारख्याच दिसत. बाईंनी सायकल दांड्याला लावली, हेल्मेट हँडलवर ठेवलं, बूट मोकळे करून ठेवले. कोच आले नव्हते. त्यांचा लहान मुलांचा वर्ग असायचा. यजमान कुंपणापाशी उभे होते, हातात बाईंचा स्वेटर धरून.

शिट्टी झाली. बाईंनी पुढच्यांना जाऊ दिलं आणि मग पाण्यात शिरल्या. पहिल्या फुग्यापर्यंत ठीक होतं. तळ्याच्या पलीकडे पाण्याची उंच टाकी होती, ती त्यांनी डावीकडची खूण धरली, आणि खरोखरच फुगा आपण होऊन समोर आला. त्या फुग्याला वळसा घालताना कुणाचं तरी कोपर त्यांच्या गालावर बसलं. झालं. श्वास कोंडला, पाय आखडला, आणि अंग गोल फिरायला लागलं. मागच्या वर्षीचं लव्हाळं त्यांना दिसायला लागलं.

होडीवाला जवळ आला. होडीला धरून दम खायला परवानगी असते, हे बाईंना माहीत होतं.

"काकू, धरता का?"

एकदा धरलं की आपण पुन्हा सोडणार नाही, हेही बाईंना माहीत होतं. त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे सोडले. पुन्हा सोडले. घोट्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पाऊल हळूहळू लवलं. मग त्यांनी मान वर काढली.

"बाजूला व्हा जरा," त्या म्हणाल्या. "तुमच्या होडीमागे माझी टाकी लपलीय."

पोरगा चक्रावला, पण बाजूला झाला. थोड्या वेळाने त्याने लांबवर दुसऱ्या एका बाईला होडीत घेतलं आणि काठाकडे नेलं. बाईंना ते दिसलं नाही. त्यांना आधी टाकी दिसत होती, शेवटचा फुगा वळल्यावर काठावरचं एक झाड, आणि अधूनमधून आपलेच हात. पाय पुन्हा आखडायचा, पुन्हा सुटायचा. त्या फार हळू जात होत्या, वाकड्या जात होत्या, पण जात होत्या. आणि मग बोटांना चिखल लागला.

बाई उठून उभ्या राहिल्या. गुडघ्याएवढ्या पाण्यात त्या आपल्या दोन पायांवर उभ्या होत्या. काठावर पंच घड्याळ बघत होता.

"चला, चला! वेळ आहे अजून, पळा!"

बाई पळाल्या. अनवाणी, पाणी निथळत, हसत. हसू त्यांना आवरत नव्हतं. आवारात शिरून त्या आपल्या दांड्यापाशी आल्या. दांडा रिकामा होता.

त्यांना वाटलं, आपली रांग चुकली. त्यांनी चिकटवलेला आकडा वाचला. आकडा त्यांचाच होता. खाली बूटही नव्हते. त्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. फाटकापाशी उभी असलेली स्वयंसेवक मुलगी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काकू, तुम्ही... अहो, ती सायकल तुमचे मिस्टर घेऊन गेले. होडीतून नारिंगी टोपीवाल्या एक काकू आल्या ना. ते म्हणाले, ती बघायच्या आत मला सायकल नेऊ दे. त्यांच्याकडे पावती होती. मी सोडलं."

बाई फाटकातून बाहेर पडल्या. गाड्या उभ्या करायच्या मैदानात, अगदी कडेला, यजमान त्यांच्या गाडीच्या मागे सायकल बांधत होते. दोरीची शेवटची गाठ ते मारत होते. सायकलच्या दांडीला ओरखडा जाऊ नये म्हणून त्यांनी मध्ये बाईंचाच स्वेटर गुंडाळला होता. पावलांचा आवाज आला म्हणून त्यांनी मान वर केली.

"अगं," ते म्हणाले. "तू होडीत..."

"ती दुसरीच कुणीतरी होती."

"टोपी तीच होती."

"सगळ्यांचीच तीच आहे."

बाईंना राग आला. एवढा राग त्यांना आजवर या माणसाचा आला नव्हता.  बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना तो स्वेटर दिसला, नीट घडी घालून गुंडाळलेला. ही घाई त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. 

"मागच्या वेळी ती एकटी उभी होती ना," यजमान म्हणाले. "म्हटलं, तुला पुन्हा दिसायला नको."

"मला पोहताना बघितलंत का?"

यजमानांनी दोरीकडे बघितलं. "सुरुवातीला बघितलं. मग नाही बघवलं. पाठ करून उभा राहिलो. वळलो तेव्हा होडीत नारिंगी टोपी दिसली."

मागून पंच धापा टाकत आला. सायकल एकदा आवाराबाहेर गेली की नियमाप्रमाणे माणूस बाद, असं त्याने सांगितलं. सांगताना त्यालाच वाईट वाटत होतं.

"रस्त्यावर चालवायला बंदी आहे का?" बाईंनी विचारलं.

"बंदी नाही. पण निकालात नाव येणार नाही."

"नको येऊ दे," बाई म्हणाल्या. मग यजमानांना म्हणाल्या, "सोडा."

यजमानांनी गाठ सोडायला घेतली. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी ती बोटं, पण आज त्यांना गाठ सापडेना. दोरी ओली नव्हती, गाठही मोठी नव्हती. बाई शेजारी कुडकुडत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातून ती गाठ एका क्षणात सुटली असती. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले आणि वाट पाहिली. गाठ सुटायला बराच वेळ लागला.

यजमानांनी सायकल खाली घेतली आणि समोर धरली. बाईंनी बूट चढवले, हेल्मेट बांधलं, आणि सीटवर बसल्या.

"आता तरी बघा," त्या म्हणाल्या आणि पायडल मारलं.

यजमान मैदानातून निघून रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. बाई वळणापाशी दिसेनाशा होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.